नकार अर्जावर की बिलावर?

ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी ‘क्लेम सेटलमेंट रेशो’वर (कंपनीने शंभरातले किती दावे दिले, यावर) येऊन थांबते. अमेरिकेतला मेडिगॅप पाहिला की वाटतं, प्रश्न कंपनीच्या दानतीचा कमी आणि निर्णय कोणाच्या हातात आहे याचा जास्त.

मेडिगॅप म्हणजे मेडिकेअर या तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला जोडून घ्यायचा खासगी पूरक विमा. डॉक्टरचं बिल आधी मेडिकेअरकडे जातं. तिने १,००० डॉलर मंजूर केले, तर वर्षाची सुरुवातीची रक्कम (२०२५ साली २५७ डॉलर) पेशंटने भरून झाल्यावर ८०० ती देते. उरलेल्या २०० चा दावा बहुधा आपोआप पूरक कंपनीकडे जातो आणि ‘प्लॅन जी’ हा मेडिगॅपचा प्रकार घेतलेला असेल तर ती ते चुकते करते. उपचार गरजेचे होते का, हे नव्याने तपासायची मुभा तिला नाही. मेडिकेअरने हात वर केले तर मात्र तीही करते; मग अपील मेडिकेअरकडेच, १२० दिवसांत.

तिथे पूरक कंपनीचा नकार येतो तो अर्जाच्या वेळी. पासष्टीनंतर ‘पार्ट बी’ (मेडिकेअरचा डॉक्टरांची बिलं देणारा भाग) सुरू झाल्यापासून सहा महिने कोणालाही पॉलिसी द्यावीच लागते. ती मुदत हुकली की बहुतेक राज्यांत तब्येत पाहून सरळ दार बंद.

आपल्याकडे पॉलिसी हसत मिळते, फाइल उघडते ती बिल आल्यावर. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोज ५,००० असेल आणि खोली ८,००० ची घेतली, तर फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही आठ रुपयांना पाच याच हिशेबाने देतात. असे १,६०,००० झाले असतील तर हाती १,००,०००. औषधं आणि इम्प्लांट यातून वगळलेली, हा त्यातल्या त्यात दिलासा. आणि डिस्चार्ज समरीत ‘मधुमेह दहा वर्षांपासून’ असं कोणी घाईत खरडलं, की आजार लपवल्याचा ठपका ठरलेला. सही करण्याआधी ती ओळ वाचा.

सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरच्या खर्चासाठी घेतलेला जादा विमा, हा आपला मेडिगॅपचा चुलतभाऊ. पण वरची रक्कम दुसऱ्या कंपनीची असेल तर तीच फाइल ती पुन्हा पहिल्यापासून तपासते. एकाच आजाराला दोन न्यायाधीश! २०२४ साली इर्डाने, म्हणजे आपल्या विमा नियामकाने, कॅशलेसच्या मंजुरीला एक तास, डिस्चार्जला तीन तास अशी मुदत घातली, पाच वर्षं सलग चाललेल्या पॉलिसीवर फसवणुकीखेरीज जुना आजार उकरून काढायला बंदी केली. दुसरा नियम खरा कामाचा. पहिल्याने फक्त नकार लवकर कळतो.

अमेरिकेतून हिवाळ्यात पुण्याला येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एरवी मेडिकेअर भारतातलं बिल देत नाही. प्लॅन जी तातडीच्या उपचारांचे २५० डॉलरनंतरचे ८० टक्के देतो, आयुष्यभरात जास्तीत जास्त ५०,००० डॉलर. पैसे आधी खिशातून भरायचे, तपशीलवार बिल आणि पावत्या घेऊन मग दावा करायचा. शिवाय आजारपण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेलं हवं. १५ ऑक्टोबरला निघालेल्याच्या छातीत संक्रांतीला दुखलं, तर प्लॅन जी एक डॉलरही देत नाही.