बासमतीचा गुण

फोन आता चालतोय. राग अजून गेलेला नाही.

मंगळवारी पहाटे नळाला पाणी आलं, हौदाचं झाकण सरकवायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातला फोन डुबुक करून आत गेला. हात घालून काढेपर्यंत दहा सेकंद गेली असतील. बंद केला, सिमचा ट्रे ओढून काढला, पंचावर ठेवला आणि माळ्यावरची स्क्रूड्रायव्हरची पेटी काढायला स्टूल शोधत गेलो. परत आलो तर पंचा होता, फोन नव्हता. तो स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात गळ्यापर्यंत पुरलेला होता. आणि चालू होता. कारण वरच्या मजल्यावरचे अण्णा खाली आले होते.

"चालू करून बघितलं," अण्णा म्हणाले. "चालतंय की! उगंच बंद करून ठेवलास."

आता हे ऐकून माझ्या पोटात का खड्डा पडला, ते सांगायला हवं. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. आमच्या हौदातलं पाणी तसलं नव्हे. आठवड्यात हंड्याच्या आतून पांढरा थर धरतो, एवढा क्षार. फोनची बॅटरी चार व्होल्टच्या आसपास असते आणि बोर्डावर शेजारशेजारचे संपर्क अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावर. मधे क्षाराच्या पाण्याचा थेंब बसला आणि वीज चालू राहिली, की आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लोक पैसे मोजून जे प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, करून घेतात ते इथं फुकटात सुरू होतं. एका टोकाचं तांबं विरघळतं, हिरवं होतं आणि जिथं जायला नको तिथं जाऊन चिकटतं. म्हणून पहिलं काम बंद करणं, आणि दुसरं काम 'चालतोय का' हे न बघणं. झटकायचा नाही, झटकलं की कडेचं पाणी आत जातं. चार्जरला तर लावायचाच नाही. तिथं पाच व्होल्ट थेट ओल्या पिनेवर येतात.

हे सगळं मी अण्णांना सांगायला तोंड उघडलं. अण्णांचा हात डब्यात होता.

"कुठला तांदूळ हाय ह्यो?"

"रेशनचा," ही म्हणाली.

"अगं पोरी, रेशनचा चालत न्हाई. ह्यो आधीच ओलसर असतोय. त्यो काय ओढणार? दुसरा कुठला हाय?"

"थोडा इंद्रायणी आहे."

"इंद्रायणी चिकट. पाणी धरतंय, खरं फोन बी धरतंय." अण्णांनी डोळे मिटून विचार केला. पावसाळ्यात भाताचं वावर बघताना करतात तसा. "बासमती पायजे. बेळगावी बासमती, त्यो बी जुना. नवा तांदूळ पोट भरलेला असतोय. वर्षाचा जुना झाला की तहानलेला."

"अण्णा, आधी तो बंद करू या," मी म्हणालो.

"थांब गा. सांगूलोय न्हवं?"

आणि ते वर गेले. वरून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. गणपतीत पाहुण्यांसाठी म्हणून खानापूरकडच्या मेहुण्याकडून आणलेला बासमती घेऊन खाली आले. पांढऱ्या फडक्यात बांधलेला, चांगला दोन मापटी. गाठ सोडली आणि घरभर वास सुटला. इथंच मी हरलो. माणूस गणपतीचा बासमती तुमच्या फोनसाठी सोडतोय म्हटल्यावर त्याला क्षार आणि इलेक्ट्रोलिसिस सांगायला जीभ वळत नाही.

फोन रेशनमधून बासमतीत गेला. उताणा की पालथा, यावर पाच मिनिटं चर्चा झाली. अण्णांचं मत पालथा, कारण "पाणी खालच्या अंगाला येतंय." डबा गॅसजवळ ठेवायचा की देवघरात, यावर आणखी पाच. किती दिवस ठेवायचा, असं हिनं विचारलं तर म्हणाले, तीन रात्री. दिवस मोजायचे नसतात म्हणे. आणि या सगळ्या वेळात तांदळातून मधूनमधून उजेड येत होता. कुणाकुणाचे 'शुभ सकाळ' येत होते.

शेवटी मी म्हणालोच, "अण्णा, तांदळानं काही होत नाही."

"होत न्हाई? मग हॉटेलात मिठाच्या डबीत तांदूळ कशाला घालतात, सांग."

याला उत्तर आहे. मीठ हवेतला ओलावा ओढून गोळा होतं, तांदळाचे दाणे ते गोळे फोडतात, थोडा ओलावा घेतातही. पण ती ओल हवेतून आलेली असते. बोर्डावरच्या चिपांवर पत्र्याची टोपणं असतात, त्यांच्याखाली बंद झालेल्या थेंबाला बाहेरचा तांदूळ हाक मारू शकत नाही. हे उत्तर मला रात्री साडेअकराला, अंथरुणात सुचलं. त्या वेळी मी नुसता "मीठ वेगळं, अण्णा" म्हणालो आणि अण्णा हिच्याकडे बघून हसले.

साठवणीच्या चांगल्या तांदळात मुळातच बारा-चौदा टक्के पाणी असतं. त्यात आमचा जुलै. घाटाकडच्या जांबोटी-कणकुंबीला ढग फुटल्यासारखा पाऊस, इथं बेळगावच्या शहापुरात चार दिवस ऊन नाही, पापडसुद्धा डब्यात मऊ पडतोय. अशा हवेत तांदूळ कुणाची ओल काढणार? जुना तांदूळ जास्त पाणी पितो हे अण्णांचं खरं आहे, पण ते चुलीवर, उकळताना. फोन उघडा करून टेबलफॅनसमोर ठेवला तर यापेक्षा लवकर वाळतो. २०२४ साली ॲपल कंपनीनंही आपल्या सूचनांत लिहिलं की तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. अण्णांना हे दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, त्यांच्याकडं बेळगावी बासमती कुठला?

मग तांदूळ जिंकतो कसा? सोपं आहे. बऱ्याच फोनांतलं पाणी दोन दिवसांत आपोआप उडतं, फोन सुरू होतो, श्रेय डब्याला. क्षार मात्र आतच राहतो, टोपणाखाली सावकाश खात बसतो, आणि फोन तीन आठवड्यांनी मरतो. तेव्हा तांदळाची आठवण कुणाला नसते. तोवर त्याचा भात होऊन गेलेला असतो.

अण्णा आंघोळीला वर गेले तेव्हा फोन बाहेर काढला. पाऊण तास झाला होता. ट्रेच्या खाचेत टॉर्च मारला. आतली पांढरी चिठ्ठी लाल झाली होती. ही चिठ्ठी कंपनीचा साक्षीदार. पाणी लागलं की लाल होते आणि वॉरंटीवाले पहिलं तिलाच विचारतात. खोक्यावर 'आयपी ६७' हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा लिहिलेला असला तरी त्याचा अर्थ गोड्या पाण्यात एक मीटर, तीस मिनिटं, तेही नव्या कोऱ्या रबरासह. एकदा उघडलेल्या किंवा तीन वर्षं वापरलेल्या फोनला तो आकडा लागू नाही.

उघडताना मागचं झाकण चिकटवलेलं असतं. कडेनं हेअर ड्रायर मंद ठेवून दोन मिनिटं; त्याचा उपयोग एवढाच, डिंक मऊ करायला. त्याच्या गरम वाऱ्यानं फोन 'वाळवायला' गेलात तर पाणी आणखी आत जातं. मग जुनं एटीएम कार्ड कडेनं फिरवायचं, दोन-तीन मिलिमीटरच्या वर आत नाही, नाहीतर बटणाची पट्टी कापली जाते. स्क्रू बारा-पंधरा निघतात आणि सगळे सारखे दिसतात. सारखे नसतात! कागदावर फोनचं चित्र काढायचं आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवायचा. आखूड भोकात लांब स्क्रू पिळला की तो खालच्या बोर्डात शिरतो आणि पाण्यानं वाचलेला फोन तुम्ही स्वतः मारता. मग बॅटरीचं कनेक्शन, प्लॅस्टिकच्या टोकानं. चिमटा नको.

धुवायचं. होय, भिजलेला बोर्ड परत धुवायचा. हे वाक्य उच्चारलं की घरात शांतता पसरते. आधी डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, कारण क्षार पाण्यातच विरघळतो. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे उरलेलं पाणी सोबत घेऊन उडतं. कॅमेरा, स्पीकर, स्क्रीन बाजूला काढून फक्त बोर्ड पाच-दहा मिनिटं बुडवायचा, मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं घासायचा, विशेषतः कनेक्टर आणि टोपणांच्या कडा. सॅनिटायझर चालत नाही. त्यात सत्तर टक्केच अल्कोहोल, बाकी पाणी आणि ग्लिसरीन. थिनर तर प्लॅस्टिकच खातो. आणि अल्कोहोलची वाफ पेट घेते, तेव्हा खिडकी उघडी, गॅस बंद. मी देवघरातला दिवाही शांत केला. त्यावरून ऐकून घेतलं.

विषय निघालाच आहे तर चहाचंही सांगून टाकतो, कारण गावात कीबोर्डावर पाण्यापेक्षा चहाच जास्त सांडतो. साखर अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. नुसतं अल्कोहोल ओतलं तर पाक घट्ट होऊन बटणाखाली कुंद्यासारखा बसतो. आधी पाणी, मग अल्कोहोल. हा क्रम तीनदा सांगूनही लोक उलटं करतात आणि मग लॅपटॉप घेऊन माझ्याकडं येतात, रविवारी, जेवणाच्या वेळेला. चहाही घेतात.

नंतर टेबलफॅनसमोर चोवीस तास. घाई असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल. निळं असेल तर ओल ओढून गुलाबी होतं, नारिंगी असेल तर हिरवं, म्हणजे त्यानं काम केलं की नाही हे तरी दिसतं. तांदळाचा रंग बदलत नाही. बॅटरी जोडण्याआधी बोर्डावरच्या बॅटरी कनेक्टरच्या दोन टोकांत मल्टिमीटर लावायचा. सलग पीं वाजलं तर शॉर्ट आहे, जोडायचं नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर टोचायची नाही, बदलायची.

माझं पीं वाजलं नाही. जोडलं, फोन उठला, स्क्रीन स्वच्छ, आवाज स्वच्छ. मी मनातल्या मनात अण्णांना दोन वाक्यं सुनावलीसुद्धा. आणि चार्जर लावला तर काही नाही.

चार्जिंगचा छोटा बोर्ड वेगळा असतो, फोनच्या बुडाशी. तो मी बुडवला नव्हता, नुसता अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या ब्रशनं साफ केला होता. पिन खाल्ली असणार, असं ठरवून नवा बोर्ड आणायला बाजारातल्या एका दुकानात गेलो. शनिवार, गर्दी. दुकानदार कन्नड, मराठी आमच्याइतकंच बोलणारा.

"काय झालंय?"

"हौदात पडला."

"हौद?"

"हौद."

"हौद्री, खरं पडला कुठं?"

मागचे दोघं हसायला लागले. कन्नडात हौद म्हणजे होय, हे मला जन्मापासून माहीत आहे, पण त्या वेळी नेमकं टाकी हा शब्द आठवला नाही. मी हातानं हौदाचा आकार करून दाखवला. त्यांना काय वाटलं कोण जाणे. मग मी सुधारून, जरा मोठ्यानं, म्हणालो की बोर्ड आयसोप्रोपिलनं धुतलाय, शॉर्ट नाही, फक्त चार्जिंगचा सबबोर्ड द्या. ऐकणाऱ्यांवर छाप पडली असावी. दुकानदारानं भिंग डोळ्याला लावलं, टाइप-सीच्या भोकात चिमटा घातला, हलकेच ओढला आणि काउंटरच्या काचेवर काहीतरी ठेवलं.

तांदळाची कणी होती.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही बी तांदळात घातलासा?"

'तुम्ही बी' हे मला लागलं. ती कणी कशी अडकली ते तिथंच कळलं. ओल्या भोकात शिरली, फुगली, भोवती पिठाची खळ धरली. खळ अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, उलट अल्कोहोल तिच्यातलं पाणी काढून घेतं आणि तिला दगड करतं. म्हणजे ती मीच पक्की केली होती. ज्या शहापुरात माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुताला खळ लावून मागावर बसली, तिथं राहून मला खळीनं काय होतं ते कळू नये? पण 'मी नाही घातला, वरच्या अण्णांनी घातला' हे गर्दीत कसं सांगणार? पाचवीतल्या पोरासारखं. मी वीस रुपये दिले. त्यानं घेतले नाहीत. तेही लागलं. फोन नवा बोर्ड न घालताच चार्ज होत होता, सगळे माझ्याकडं बघत होते आणि कणी काचेवर पडली होती.

घरी आलो तर अण्णा जिन्यात.

"आला न्हवं गुण?" म्हणाले. "जुना बासमती हाय त्यो."

रविवारी दूधवाल्याचा फोन कॅनमध्ये पडला. दूधवाला माझ्या दारावरून सरळ वर गेला. थोड्या वेळानं अण्णा खाली वाकून म्हणाले, "त्यो बासमतीचा डबा दे बघू जरा. गुणाचा हाय."

दिला. देताना म्हटलं, अण्णा, दुधात पडलाय, दूध वाळून चिकटून बसतं, निदान तेवढा फोन बंद करा.

"बंद केला," अण्णा म्हणाले, "तर गुण आला ते कळंल कसं?"