मिरजेच्या तंबोऱ्याला मानांकन मिळालं, जवारी लावणाऱ्या हाताचं काय?

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावातल्या सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. मीही बातमी हौसेनं पुढे पाठवली. आनंद खराच होता. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय, ती आज लिहून टाकते. वाद्याचं आपण तोंडभरून कौतुक करतो आणि ते घडवणाऱ्याची मजुरी देताना मात्र घासाघीस करतो.

माझा तंबोरा आत्याकडून आलेला. पावसाळा सरता सरता त्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार बद्द वाजायला लागली, म्हणून सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. तिथल्या कारागीर चाचांनी तार छेडली, कान भोपळ्याजवळ नेला आणि म्हणाले, "जवारी गेलीय, ताई." जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या माथ्याची ती घडण, जिच्यामुळे तार गुंजत राहते.

मग तार सैल करून घोडीचा माथा कानशीनं हलकेच घासायचा, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. तार घोडीवर नेमकी किती टेकते यावर सगळं अवलंबून. कानस जरा जास्त फिरली की नाद गेलाच. आणि हे मोजायला कुठलंही यंत्र नाही, नुसता कान. शेवटी चाचांनी तारेखाली सुताचा दोरा सरकवला. केसभर मागे, केसभर पुढे. एका जागी तार अशी खुलली की खर्जाच्या षड्जातून, म्हणजे 'सा'मधून, गंधार, म्हणजे 'ग', स्वच्छ ऐकू यायला लागला. अंगावर काटा आला माझ्या.

अख्खी दुपार त्यात गेली. चाचांनी सांगितलेली मजुरी ऐकून मलाच संकोच वाटला. आणि माझ्यामागून आलेले गृहस्थ त्याहून कमी करा म्हणून हटून बसले होते!

पावणेदोनशे वर्षांच्या आसपास मिरजेत हे काम चालू आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी संस्थानकाळात हत्यारं सोडून वाद्यं हातात घेतली. भोपळे येतात मंगळवेढा, पंढरपूर भागातून. ते वाळवायचे, कापायचे, आकाराला आणायचे, त्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवायची, दांडी जोडायची, नक्षी, पॉलिश, खुंट्या. यातलं बरंचसं शिकवून येतं. जवारीचा कान यायला मात्र वर्षानुवर्षं गुरूशेजारी बसावं लागतं. एवढं बसून हातात काय पडणार, असं पोरांनी विचारलं तर त्यांना दोष कसा द्यायचा?

अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. १९३७ साली ते गेले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना विसावा मिळाला. एवढा मोठा गवई, पण वाद्यांची दुरुस्ती स्वतः करायचा, त्यात वाकबगार होता. गाण्याइतकंच हे कामही मोलाचं, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या नावानं दर्ग्यात दरवर्षी उरसात संगीतसभा भरते, देशभरातले कलाकार येऊन गातात. गायकाचं नाव घेतलं जातं, तबलजीचं, पेटीवाल्याचं घेतलं जातं. ज्या तंबोऱ्यांवर ती अख्खी मैफल उभी राहते, ते कुणी घडवले हे कोणी सांगत नाही.

मोबाइलवरच्या तंबोऱ्याला माझा विरोध नाही. प्रवासात रियाज करायला तो बराच. पण मिरजेतल्या गाण्याच्या क्लासमध्येसुद्धा पोरं खऱ्या तारा जुळवायला शिकत नसतील, तर मानांकनाचा कागद कुणासाठी? क्लास घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, मुलांना एकदा तरी त्या गल्लीत न्या. जवारी लावताना बघू द्या, दोरा सरकवल्यावर काय होतं ते त्यांच्या कानांनी ऐकू द्या. आणि वाद्य दुरुस्तीला टाकाल तेव्हा सांगितलेली मजुरी पूर्ण द्या.

पुढच्या उरसाला निवेदकांनी तंबोरे घडवणाऱ्याचं आणि जवारी लावणाऱ्याचं नाव मंचावरून घ्यावं, असं पत्र मी संयोजकांना लिहितेय. मसुदा तयार आहे. मिरज-सांगलीतल्या ज्यांना पटेल त्यांनी कळवा, तुमचंही नाव खाली घालते.