कांदा चाळीत सडतो, पण बिघडतो त्याआधीच

नाशिक जिल्ह्यात, निफाडला घरी फोन केला की सध्या एकच विषय, चाळीतला, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमधला कांदा. वास सुटलाय, पाणी सुटलंय, भाव नाही. आणि टीव्हीवरची चर्चा ठरलेली: शीतगृहं बांधा, कांद्यावर किरणांचा मारा करणारी विकिरण केंद्रं काढा. मी नेदरलँड्सच्या झेलंडमध्ये राहते, कांद्याच्याच मुलखात, आणि मला हे उत्तर पटत नाही.

इथल्या शेडमध्ये कांद्याचा ढीग दोन पुरुष उंच असतो. खालून पंखे हवा सोडतात. आधी उबदार हवेने मान, म्हणजे पात कांद्याला जुळते ती जागा, खडखडीत सुकवतात, मग बाहेरच्या थंडीने ढीग हळूहळू गार करतात. ती थंडी नाशिकला नेता येणार नाही. मान सुकवणं मात्र आपल्या हातात आहे, आणि आपले कृषी शास्त्रज्ञ तेच कधीपासून सांगताहेत: काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा, कांदा पातीखाली झाकून शेतातच वाळवा, इंचभर मान ठेवून पात कापा, मग सावलीत सुकवा. मान अंगठ्याने दाबून बघावी. मऊ लागली, तर तो कांदा चाळीत शेजारच्यांनाही नासवणार.

मग एकरभरवाला हे का करत नाही? कारण मजूर मिळाले त्याच दिवशी काढणी उरकावी लागते, वर अवकाळीचं आभाळ असतं, खत-औषधांची उधारी डोक्यावर असते आणि सावलीत पसरायला जागाच नसते. त्याला आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

विकिरणाचं म्हणाल, तर लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा प्रकल्प २००२ पासून आहे. विकिरणाने कोंब थांबतात. ओल्या मानेतून शिरलेली सड थांबत नाही.

आणि समजा, एखाद्याने सगळं नीट केलं, कांदा टिकवला. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीत उन्हाळी कांदा असतानाच केंद्राने ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली. भाव इथेही पडतात, शेतकरी इथेही रडतो, पण साठवलेल्या मालावर सरकार रातोरात दार लावत नाही. टिकवणाऱ्यालाच फटका बसणार असेल, तर पुढच्या वर्षी तो सुकवण्यावर मजुरी कशाला घालेल?

चाळीला अनुदान आहेच. ते सुकवणीच्या शेडला आणि पंख्यांनाही भरघोस द्या, गावातल्या पाच-सहा जणांना मिळून घेता येईल असं. आणि निर्यातीचे नियम रोपं लावायच्या आधी, डिसेंबरच्या आत जाहीर करा. मग तो हंगाम संपेपर्यंत त्यांना हात लावू नका.