‘जीवामृत असताना फेरपालट कशाला?’ या मेसेजमधलं काय चुकतं

सांगली-साताऱ्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर फिरणाऱ्या या मेसेजचा सारांश असा: शेणखत-जीवामृत भरपूर असेल तर हळदीवर हळद, आल्यावर आलं बिनधास्त घ्या. फेरपालट, म्हणजे त्याच रानात पीक बदलत राहणं, करायचीच तर सोयाबीन-हरभरा पुरे, नत्र फुकट मिळतं. एक-दोन एकरवाल्याला तर ती जमतच नाही.

आधी जीवामृत. २०० लिटरच्या बॅरलला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. यातलं सगळं नत्र मिळून पाव किलोच्या आतबाहेर भरतं, आणि तेही एकरभर पसरायचं. रानात सोडायला हरकत नाही. पण त्याच्या जोरावर फेरपालट टाळता येत नाही.

हळदीवर हळद हा सल्ला सगळ्यात महागात पडणारा. कंदकुजीची पिथियम बुरशी आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले अतिसूक्ष्म जंत) पीक काढल्यावरही रानात राहतात. शेणखतानं ते जात नाहीत. पाणी धरणाऱ्या काळ्या रानात अर्धकच्चं शेणखत कुजीला मदतच करतं. हळद काढून आलं लावणं ही फेरपालट नव्हेच, दोन्ही एकाच कुळातली. मध्ये किमान तीन वर्षं जाऊ द्या. सूत्रकृमी असतील तर त्या काळात टोमॅटो, वांगी, भेंडी नको, त्यांच्यावरही ते पोसतात. ताग आणि झेंडू चांगले. एवढं करूनही बेणं रोगट प्लॉटमधलंच ठेवलं, तर कूज बेण्यासोबत नव्या रानात जाते.

सोयाबीनचं ‘फुकट नत्र’ हिशेबात टिकत नाही. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं, म्हणजे एकरी १० क्विंटल उताऱ्यातून ६० किलोच्या आसपास नत्र बाजारात जातं. मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंनी हवेतून आणलेलं बरंचसं नत्र त्यातच संपतं. वर भुसकटही विकलं तर रानाला उरतं काय? शिवाय सोयाबीनचं रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही, बीजप्रक्रियेला वेगळं पाकीट लागतं. आणि हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी पिकाविना सहा वर्षांपर्यंत जमिनीत टिकते. दर रब्बीला हरभरा घेणाऱ्यानं निदान विजय, दिग्विजयसारखं मर-प्रतिकारक वाण तरी निवडावं.

राहिला लहान रानाचा मुद्दा. एकराचे १०-१० गुंठ्यांचे चार तुकडे पाडा. एका तुकड्याचा क्रम असा: पहिल्या वर्षी मेमध्ये हळद, फेब्रुवारी-मार्चला काढणी. दुसऱ्या वर्षी सोयाबीन, मग शाळू. तिसऱ्या वर्षी मका, मग हरभरा. चौथ्या वर्षी जूनमध्ये ताग (१० गुंठ्यांना ५-६ किलो बी), गाडून दोन-तीन आठवड्यांनी झेंडू, फुलं दिवाळीला. त्यामागं गहू, आणि मेमध्ये पुन्हा हळद. बाकीचे तुकडे एकेक वर्ष मागे ठेवले की हळद, सोयाबीन, मका दरवर्षी घरात येतात.

ताग मात्र ४५-५० दिवसांत, फुलकळी दिसताच गाडा. उशीर झाला तर खोड काष्ठमय होतं, कुजताना रानातलंच नत्र ओढतं आणि पुढचं पीक पिवळं पडतं. लहान तुकड्यांत खरी फसगत पाटपाण्यानं होते: वरच्या तुकड्यात कूज असेल आणि त्याचंच पाणी खाली उतरत असेल, तर कागदावरची फेरपालट वाया. प्रत्येक तुकड्याला वेगळं दार ठेवा, नाहीतर ठिबक करा.