अल्कोच्या तोंडावरची जाळी कापू नका

परवा शेजारच्या एका शहरात बागेत मांडून ठेवलेलं रेल्वेचं जुनं अल्को डिझेल इंजिन बघून आलो. तेव्हापासून मनात खदखदतंय, म्हणून लिहितोय. शहराचं नाव लिहीत नाही. ज्यांनी ते इंजिन रंगवलं, त्यांनी हौसेनंच रंगवलंय.

रंग नवाकोरा. चाकांना पांढरी किनार. पण ड्रायव्हरच्या काचेवरची लोखंडी जाळी गायब. जवळ जाऊन बघितलं तर जाळी धरणाऱ्या पट्ट्या गॅस कटरनं कापलेल्या. त्यांचे बोटभर खुंट तसेच राहिलेत आणि त्यावरूनच ब्रश फिरवलाय. छतावर फ्लॅशरचा दिवा होता, तिथं पत्र्याचं ठिगळ. तिथल्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "मूळ रूपात आणलंय, साहेब."

मूळ म्हणजे कुठल्या सालचं?

मी बेळगावच्या टिळकवाडीतला. दुसऱ्या रेल्वे गेटाच्या आवाजात वाढलो. मिरज-लोंढा लाइन नव्वदच्या दशकात मीटरगेजची ब्रॉडगेज झाली आणि मोठी डिझेल इंजिनं आमच्या दारावरून जाऊ लागली. गेट पडलं की सायकल उभी करून मी फक्त इंजिनाचं तोंड बघायचो. डब्ल्यूडीएम-2. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन. 1962 मध्ये पहिली इंजिनं बाहेरून आली, 1964 पासून वाराणसीला बनू लागली आणि अडीच हजारांच्या वर बनली. 16 सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. गाडी उचलताना काळा धूर आणि टर्बोची ती शिट्टी. गेटाच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवला तर इंजिनाची धडधड तळहाताला लागायची. आता वर तारा आल्या, तो आवाज क्वचितच ऐकू येतो.

त्या तोंडावर माझा जीव होता हे खरंच आहे. दोन लहान काचा, नंबराच्या पाट्या, पुढं आखूड नाक. मग हळूहळू ते तोंड बदलत गेलं. काचेवर जाळी आली. हेडलाइट दुहेरी झोताचा झाला. छतावर पिवळा फ्लॅशर बसला. जाळी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, एखाद्या देखण्या माणसाला मुसकं बांधावं तसं. आमच्या गल्लीत एक मामा राहायचे, लोको पायलट होते. त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आरं, तू भाईरनं बघूलास. आत बसून बघ की एकदा."

पुढं एकदा स्टेशनात इंजिन उभं असताना त्यांनी मला खाली बोलावून ती जाळी दाखवली. डाव्या काचेसमोर, ड्रायव्हरच्या तोंडाच्या बरोबर उंचीला, जाळीला आतल्या बाजूला वाटीएवढा पोक आला होता. दोन तारा तुटून वाकलेल्या. आदल्या रात्री धावत्या गाडीवर कुणीतरी दगड मारला होता. ताशी शंभर किलोमीटरनं जाणाऱ्या इंजिनावर आलेला दगड हातानं मारलेला राहत नाही, गाडीचा वेगही त्याला येऊन मिळतो. मामा त्या पोकावरून अंगठा फिरवत होते, बोलत काहीच नव्हते. त्या दिवसानंतर त्या जाळीला मी कधी कुरूप म्हटलं नाही.

जाळीनं समोरचं थोडं कमी दिसतं, हे मामाही मान्य करायचे. पावसात तर जास्तच त्रास. पण दिसणं आणि वाचणं यांची ही ओढाताण त्या इंजिनात पहिल्यापासून आहे. केबिनच्या एका बाजूला मशीन असलेलं लांब नाक, दुसऱ्या बाजूला आखूड. लांब नाक पुढं करून चालवलं तर गेटात आडव्या आलेल्या ट्रकला अख्खं मशीन सामोरं जातं आणि माणसं मागं सुरक्षित राहतात, पण सिग्नल नीट दिसत नाही. आखूड नाक पुढं केलं तर सगळं दिसतं, पण धडक थेट केबिनच्या जवळ. आखूड नाक खाली करून काचा मोठ्या केलेली 'जंबो' इंजिनं निघाली, तीही समोरचं दिसावं यासाठीच.

फ्लॅशरचं काम फार लोकांना ठाऊक नसतं. दुहेरी मार्गावर आपली गाडी अचानक थांबली, डबा घसरून शेजारच्या रुळावर गेला असला, तर समोरून येणाऱ्या गाडीला लांबूनच कळावं म्हणून तो पिवळा दिवा उघडझाप करतो. समोरचा ड्रायव्हर तो बघून ब्रेक मारतो. बागेतल्या त्या ठिगळाखाली एवढं सगळं होतं.

बाहेरच्या देशांतही इंजिनांची तोंडं अशीच बदलली. ब्रिटनमध्ये वाफेची इंजिनं जाऊन डिझेल आली, तेव्हा ती तुलनेनं शांत. रुळांवर काम करणाऱ्या गँगमनना ती आल्याचं कळेना. म्हणून साठच्या दशकात त्यांच्या हिरव्या इंजिनांच्या तोंडावर पिवळा पट्टा मारला आणि पुढं अख्खं तोंडच पिवळं केलं. अमेरिकेत 1997 च्या अखेरीपर्यंत इंजिनांना खाली दोन जादा दिवे लावणं सक्तीचं झालं. रात्री एकटा दिवा किती लांब आहे आणि किती वेगानं येतोय हे डोळ्याला उमगत नाही. वर एक आणि खाली दोन असा त्रिकोण झाला की तो पसरत येताना दिसतो, अंदाज लागतो. खानापूरच्या रानातलं फाटक अंधारात ओलांडलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

ब्रिटनमधली हौशी मंडळी जुनं इंजिन जतन करताना आधी साल ठरवतात. पिवळ्या पट्ट्याआधीचं, पट्ट्यानंतरचं की पूर्ण पिवळं. मग त्या सालाशी इमान राखतात. आमच्याकडं साल ठरवत नाहीत, 'मूळ' म्हणतात आणि कटर चालवतात. आणि जे 'मूळ' म्हणून रंगवतात, ते तरी कुठल्या कागदावरून? त्या बागेतल्या इंजिनाची रंगसंगती मी त्या जातीच्या इंजिनावर कधी बघितलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिन सेवेतून निघालं त्या दिवशी ते जसं होतं तसं ठेवा. जाळी, फ्लॅशर, रुळावरची जनावरं बाजूला सारणारा वाकलेला कॅटल गार्ड, सगळ्यासकट. जाळीच्या पोकासकट! आणि अगदीच जुन्या सालात न्यायचं असेल तर बोल्ट काढा, पत्रा कापू नका. काढलेली वस्तू भंगारात न देता इंजिनाशेजारी मांडा, ती कशासाठी होती ते मराठीत आणि कन्नडमध्ये दोन ओळींत लिहा. हुबळीला 2020 पासून रेल्वे संग्रहालय आहे. आमच्याकडची शाळकरी पोरं सहलीला तिकडं जातात. इंजिनाच्या काचेवर जाळी का, हे त्यांना तिथं उभं राहून कळलं, तर उद्या त्यांतल्या एकाचा तरी दगड हातातच राहील असं मला मनापासून वाटतं.

आता एक विनंती. बेळगाव, खानापूर, लोंढा, घटप्रभा, रायबाग, कुडची. यांपैकी कुठल्याही स्टेशनावर 1995 ते 2010 च्या दरम्यान काढलेला फोटो घरी असेल आणि त्यात डिझेल इंजिनाचं तोंड दिसत असेल, तर पाठवा. लग्नाच्या वऱ्हाडाचा असला, मागं अर्धंच इंजिन आलेलं असलं तरी चालेल. फोटोमागं तारीख असेल तर तीही कळवा. आमच्या लाइनवर जाळी कधी आली, फ्लॅशर कधी आला, हे सालवार लावायला बसलोय. आत्तापर्यंत अकरा फोटो जमलेत, त्यांतल्या एकात मामा आहेत, काचेतून बाहेर बघताना. जाळीच्या आधीचा आहे तो.