वांगे, तेल आणि सिचुआन

चिनी पद्धतीच्या वांग्याला चुलीवर जेमतेम दहा मिनिटे लागतात असे ज्यांनी लिहून ठेवले आहे, त्यांच्या घरी लसूण सोललेला, आले बारीक चिरलेले आणि सासू माहेरी गेलेली असली पाहिजे. आमच्या फोंड्याच्या घरात यांपैकी एकही सोय नाही. त्यातून सासूबाई चातुर्मास पाळतात, आणि कांदा, लसूण व वांगे ही तिन्ही त्या काळात वर्ज्य असल्यामुळे, ज्या पदार्थात या तिघांखेरीज फारसे काही नाहीच, तो करण्याचा माझा बेत आषाढी एकादशीला मनातल्या मनात झाकून ठेवावा लागला आणि वांग्यावरची बंदी चंपाषष्ठीला उठली तेव्हाच त्यावरचे झाकण निघाले.

पदार्थ सिचुआन प्रांतातला. तिकडे मासा रांधताना आले, लसूण, कांद्याची पात, मुरवलेली मिरची, साखर आणि व्हिनेगर यांचे जे आंबट-गोड-तिखट मिश्रण वापरतात, तेच वांग्याला लावायचे आणि मासा मात्र घालायचा नाही, एवढीच त्यातली युक्ती आहे. ही युक्ती मी जेवणाच्या टेबलावर मोठ्या कौतुकाने सांगितली, तेव्हा कोणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ते साहजिकच होते. सोमवारी आणि गुरुवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असले की गोव्यातल्या घराघरांत वांग्याच्या चकत्यांना मासळीचाच मसाला फासतात, त्या रव्यात घोळवतात आणि तव्यावर खरपूस भाजून, डोळे मिटून खाल्ल्या तर इसवण मासा वाटावा अशा बेताने पानात वाढतात. “म्हणजे कापच की,” सासूबाई म्हणाल्या. “मग काप का नकोत?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर अजूनही नाही.

वांगी बाजारातून मीच आणली. सिचुआनमध्ये वापरतात ते वांगे लांबट, बारीक आणि पातळ सालीचे असते. आमच्याकडे मिळते ते आगशीचे, मोठे, गरदार आणि बिया कमी असलेले. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून विक्रेत्या बाईंच्या बोलण्यात त्या वांग्याविषयी असा काही आदर आला आहे की त्याचे चिनी पद्धतीने काय करणार हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. भरीत करणार, असे मी सांगून टाकले.

चिनी लोकांना वांग्यातले काय कळते, अशी शंका सासूबाईंनी काढली तेव्हा मात्र मला माझे ज्ञान पाजळायची संधी मिळाली. वांगे मुळात आपल्याच बाजूचे असले, तरी चीनमध्ये त्याचा सर्वांत जुना उल्लेख इ.स.पूर्व 59 मधला, आणि तोही नेमका सिचुआनमधला आहे. वांग पाओ नावाच्या एका विद्वान गृहस्थाने नोकराला दारू आणायला पाठवले. नोकराने साफ नकार दिला. तेव्हा गृहस्थाने त्याला विकत घेऊन त्याच्या कामांचा असा एक विनोदी करारनामा लिहिला की पहाटे उठून झाडलोट करण्यापासून रात्रीपर्यंत त्याला बसायला उसंत मिळू नये. त्या यादीत वांग्याची रोपे वेगळी करून लावण्याचे आणि कांद्याची पात लावण्याचे काम शेजारी शेजारी आहे. यादी ऐकून नोकर रडू लागला आणि म्हणाला, आधी कळते तर मी मुकाट्याने दारू आणून दिली असती. लसूण सोलताना, पात चिरताना आणि वांग्याच्या बोटाएवढ्या फोडी करून त्यांना मीठ लावताना या गृहस्थाची मला वारंवार आठवण झाली. म्हणजे नोकराची, मालकाची नव्हे.

खरा प्रसंग तेलाचा. वांग्याचा गर आतून पोकळ असतो, म्हणजे त्याच्या पेशींच्या मधल्या जागेत हवेचे बारीक कप्पे असतात, आणि फोडी कढईत पडल्या की ती हवा बाहेर पडते व तिच्या जागी तेल शिरते. हे शास्त्र मला ठाऊक होते; सासूबाईंना ते ठाऊक असण्याची गरज नव्हती, कारण कढईतल्या तेलाची पातळी उतरताना त्यांना दाराच्या चौकटीतूनही दिसत होती. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तेलाचा डबा उचलला, हलवून पाहिला आणि परत ठेवला. मीठ लावून फोडी निथळत ठेवल्या की त्यांतले पाणी सुटते, कप्पे बसतात आणि तेल कमी लागते, हे खरे आहे आणि ते मी केलेही होते. पण आगशीचे वांगे आपला मान सहजासहजी सोडत नाही. चिनी खानावळींतल्या शेगड्यांची आच घरगुती गॅसच्या कितीतरी पट असते, त्यामुळे तिथे फोडी पडताच सळसळतात; आमच्या गॅसवर एकदम जास्त फोडी टाकल्या की तेल निवते आणि वांगे ते शांतपणे पीत बसते. म्हणून थोड्या थोड्या फोडी तळायच्या आणि धीर धरायचा, कारण या सोशिकपणाला एक फळ आहे. फोडी पुरत्या मऊ पडल्या की आतला सांगाडाच कोसळतो आणि प्यालेल्या तेलातले बरेचसे तेल वांगे परत करते. साल जांभळी तकतकीत राहिलेली, कडा तांबूस झालेल्या, आणि झाऱ्याने किंचित दाबताच बुडबुड्यांसकट तेलाची धार खाली गळणारी अशी एक फोड मी सासूबाईंना मुद्दाम दाखवली. “घेतलेले परत देते म्हणून कौतुक कसले?” त्या म्हणाल्या.

तांदळाच्या काळ्या व्हिनेगरऐवजी मी माडाच्या सुरेचे व्हिनेगर घेतले आणि ते अधिक झणझणीत असल्यामुळे साखरेच्या जागी माडाचा काळा गूळ घातला, आणि या अदलाबदलीबद्दल मला मुळीच खेद नाही. सोया सॉस, चमचाभर मक्याचे पीठ आणि पाणी हे सारे एका वाटीत कालवून ठेवले. एका गोष्टीला मात्र पर्याय नाही, ती म्हणजे पिशियानची मिरचीची चटणी. बाकल्याचे दाणे आणि लाल मिरच्या मिठात घालून रांजणांत महिनोन्‌महिने मुरवलेली, वरून घाणेरीच दिसणारी आणि चवीला अप्रतिम. मुलीने बंगळुरूहून येताना तिची एक बाटली आणली होती. ती चटणी तेलात मंद आचेवर परतली की तेल लालभडक होते. आमच्या घरी तेल लाल होण्याआधी सगळी माणसे लाल झाली. मामंजी झोपाळ्यावरून खोकत उठले, ह्यांनी खिडक्या उघडल्या, आणि कुंपणापलीकडून शेजारीणबाईंनी वास कशाचा म्हणून चौकशी केली. मी सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सुक्या कोळंबीचा उपाय सुचवला: “हातूंत दोन सुकीं सुंगटां घाल गो!”

आता वेळ खरोखरच दहा मिनिटांची होती. आले-लसूण टाकल्यावर ते करपण्याआधी वाटीतले मिश्रण घालायचे, आणि मक्याचे पीठ तळाशी बसलेले असते म्हणून घालण्यापूर्वी ते ढवळायचे. नेमक्या त्या क्षणी रस्त्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला. पोदेर सायकलवरून येतो आणि कोणासाठीही थांबत नाही. पाव चुकले तर संध्याकाळ चुकली. ह्यांना पाठवले, तर ते सुटे पैसे मागायला परत स्वयंपाकघरात आले. पैसे कुठे आहेत हे सांगत, एका हाताने वाटी ढवळत, दुसऱ्या हाताने कढई हलवत मी रस ओतला. तो उकळला, दाटला, चकाकू लागला. फोडी त्यात घातल्या, वरून पात पेरली आणि गॅस बंद केला.

जेवणात सगळ्यांनी खाल्ले. मुलीने भातावर घेऊन खाल्ले, ह्यांनी पावाने कढई पुसली, सासूबाईंनी “वाईट नाही, पण रवा हवा होता,” असा निकाल दिला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले. मामंजींनी वांग्याविषयी अवाक्षर काढले नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर लोणचे समजून त्यांनी थेट ती बाटलीच उघडली. आमच्यापैकी कोणी काही बोलण्याआधी त्यांची अर्धी पेज संपली होती. भाताच्या पेजेला खारट, आंबवलेले असे काहीतरी तोंडी लावणे ही चीनमधलीही रोजची न्याहारी आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यावर, त्या लोकांना लोणचे घालता येते एवढे त्यांनी मान्य केले. बाटली पेजेबरोबरच संपली. वांग्याला त्यातला एक चमचाही पुन्हा मिळाला नाही, आणि मुलगी परत जायला निघाली तेव्हा पुढच्या खेपेला त्या लोणच्याच्या दोन बाटल्या आणायला मामंजींनी तिला बजावून सांगितले.