खंबाटकीत तापलेल्या पिकअपबद्दल

नमस्कार दादा. तुम्ही लिहिलंय की ३,४०० रुपये घेऊन आम्ही रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) बदलला, तरी आठव्या दिवशी दीड टन टाइल्स घेऊन खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा लालमध्ये गेला. आणि आता आम्ही हेड गॅस्केटचं (इंजिनचं हेड आणि खालचा ब्लॉक यांमधल्या सीलचं) नाव काढतोय, म्हणजे पहिलं काम खोटं.

पहिलं काम खोटं नव्हतं. तुमच्या काढलेल्या जुन्या थर्मोस्टॅटवर ८२ चा शिक्का आहे, म्हणजे ८२ डिग्रीला तो उघडायला लागला पाहिजे. पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर लावून तापवला, तर ९५ डिग्रीलाही जेमतेम २ मिलिमीटर उघडला. रेडिएटरच्या नळ्यांत बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार होता. पण गाडी देण्याआधी आम्ही ती रिकामी, सपाट रस्त्यावर ६ किलोमीटर फिरवली आणि पाण्यात इंजिनचा जळका गॅस येतो का, ही चाचणी केलीच नाही. ही चूक आमची. २०११ ची डिझेल गाडी, आधी दोनदा उकळलेली. हेड तपासायलाच हवं होतं.

तुमच्या रिव्ह्यूमध्येच एक महत्त्वाची खूण आहे: घाटात २ लिटर पाणी लागलं, आणि गाडीखाली थेंबही नव्हता. रेडिएटरची कॅप गळत नसेल, तर असं पाणी बहुतेक वेळा सिलिंडरमध्ये जातं. सकाळी थंड गाडी चालू करून रेडिएटरचा वरचा रबरी होज दाबून बघा. पाणी तापायच्या आत, मिनिट-दोन मिनिटांत तो दगडासारखा टणक झाला, तर तो वाफेचा दाब नाही, गॅस्केटमधून आलेला जळका गॅस आहे. आमच्याकडे निळं द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर लावतो. डिझेल गाडीत गॅस असला की निळा रंग हिरवा होतो. हे तुमच्यासमोर करू.

दुसरा संशय फॅनचा. दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना समोरून वारा लागत नाही, सगळी भिस्त व्हिस्कस फॅनवर, म्हणजे तेल भरलेल्या कपलिंगवर फिरणाऱ्या पंख्यावर. गरम इंजिन बंद करून, चावी काढून फॅन हाताने फिरवला आणि तो अजिबात अडला नाही, तर कपलिंगमधलं तेल संपलंय. तेवढंच निघालं तर हेडला हात लावायची गरज नाही.

तोवर माल भरू नका. आणि काटा अचानक खाली आला तर गाडी थंड झाली असं समजू नका. सेन्सरजवळ पाणीच उरलं नाही की काटा असाच पडतो. गरम असताना कॅप उघडू नका.

गाडी रात्रभर थंड ठेवून सकाळी ९ वाजता आणा, शक्यतो टोचन करून. तपासणीचे पैसे नाहीत. हेड उघडायचं की नाही, ते नळीतला रंग बघून तुम्हीच सांगा.